फेरी गेल्यानंतरची दहा मिनिटं

लोपेझ बेटाच्या धक्क्यावर आम्ही सगळ्यांच्या आधी उतरलो आणि रस्त्याच्या कडेला सायकली लावून थांबलो. आईला काही कळेना. "अगं, सगळ्यांच्या आधी सोडलंय ना आपल्याला? मग चल की!"

"दहा मिनिटं थांब," मी म्हटलं.

मग बोटीच्या पोटातून गाड्या निघाल्या. एकामागून एक, समोरचा चढ चढत, मुंग्यांच्या रांगेसारख्या. शेवटची गाडी वळणाआड गेली आणि आवाज थांबला. म्हणजे खरोखरच थांबला. पाण्याचा, पाखरांचा आणि आईच्या बाटलीतल्या बर्फाचा आवाज तेवढा उरला.

या दहा मिनिटांसाठी मी इथवर आले होते. दोन वर्षांपूर्वी सायकलवरून प्रयोगशाळेत जात असताना शेजारून जाणारी एक गाडी अचानक उजवीकडे वळली. कॉलरबोन मोडलं. हाड दोन महिन्यांत जुळलं, एक्स-रे छान आला, पण सायकल गॅरेजमध्येच राहिली. मागून इंजिनाचा आवाज आला की फुटपाथवरून चालतानाही माझी मान आपोआप वळायची. फोनवर "विकून टाक ती सायकल" म्हणणारी आई या उन्हाळ्यात वाईहून तीन महिन्यांसाठी आली आणि दुसऱ्याच आठवड्यात तिने स्वतः त्या सायकलच्या टायरांत हवा भरली. आई निवृत्त भूगोल शिक्षिका. वीस वर्षं ती सायकलने शाळेत गेली. "मोठ्या रस्त्यावर नको जाऊ," ती म्हणाली, "पण शांत रस्ता असेलच की कुठेतरी. शोध."

शोधला. तोही एक नाही, तीन बेटांवर पसरलेला.

शांतता मोजायची कशी?

वॉशिंग्टन राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, अमेरिका आणि कॅनडा यांच्यामधल्या समुद्रात सॅन व्हान बेटं आहेत. सिॲटलपासून साधारण १३० किलोमीटर उत्तरेला अनाकोर्टिस नावाचं गाव आहे. तिथून राज्य सरकारच्या फेरी बोटी सुटतात आणि लोपेझ, शॉ, ऑर्कस आणि सॅन व्हान या चार बेटांना जातात. मुख्य भूमीला जोडणारा पूल यातल्या एकाही बेटाला नाही. बेटांवरच्या शांततेचं मूळ यात आहे.

रस्ता किती गजबजलेला आहे हे सांगताना आपण सरासरी सांगतो, म्हणजे दिवसाला इतक्या गाड्या. शहरातल्या रस्त्यावर ती चालून जाते, कारण तिथे गाड्या दिवसभर कमीजास्त प्रमाणात येतच राहतात. बेटावर मात्र गाड्या लाटेसारख्या येतात. इथल्या नव्या बोटींमध्ये १४४ गाड्या मावतात. समजा त्यातल्या शंभर एका बेटावर उतरल्या आणि दोन गाड्यांमध्ये तीन सेकंदांचं अंतर राहिलं, तर सगळी रांग तुमच्या समोरून जायला ३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटं लागतात. गाड्या ताशी ५० किलोमीटरने जाणार, तुम्ही १५ ने. तुम्ही आधी निघालात तर त्या शंभरही गाड्या तुम्हाला मागून ओलांडणार. रांगेच्या मागून निघालात तर त्यातली एकही नाही, कारण पुढे गेलेली वेगवान गाडी पुन्हा तुमच्या मागे येत नाही. शंभर आणि शून्य यांच्यातला फरक पडतो तो दहा मिनिटं थांबल्यामुळे.

परतीच्या बोटीची वेळ जवळ आली की उलटी लाट सुरू होते. बेटावरच्या गाड्या धक्क्याकडे निघतात. म्हणून बोटींचं वेळापत्रक हाताशी ठेवायचं आणि त्या वेळी शक्यतो धक्क्याच्या रस्त्यावर नसायचं. मी गेली काही वर्षं पेशींमधल्या लयबद्ध घडामोडींवर काम करते. तिथेही सरासरी पाहिली तर काहीच घडत नाही असं वाटतं, आणि वेळेनुसार मांडलं की लाटा दिसायला लागतात. हे रस्त्यालाही लागू आहे, हे कळायला मला कॉलरबोन मोडावं लागलं.

लोपेझ: बर्फाने आखलेला चढउतार

सुरुवात लोपेझपासून करावी. इथे डोंगर म्हणावा असा डोंगर नाही. शेतं, मेंढ्या, जुनी कोठारं, मधूनच समुद्र. धक्क्यापासून गाव साधारण सात किलोमीटरवर आहे. समोरून येणारा जवळजवळ प्रत्येक गाडीवाला स्टिअरिंगवरची दोन-चार बोटं उचलून ओळख दाखवतो. ही या बेटाची जुनी रीत. आईने पहिल्या दोघांना बोटं दाखवली, मग मात्र सरळ हात उंचावून गावाकडच्यासारखा रामराम घालायला सुरुवात केली.

आईची सायकल भाड्याची, बॅटरीची. माझी साधी. म्हणून तिला जे जाणवलं नाही ते मला दहाव्या किलोमीटरला जाणवलं. डोंगर नाही, पण सपाटीही नाही. वीस-तीस मीटरचा चढ, लगेच उतार, परत चढ. पन्नास किलोमीटर फिरून आल्यावर माझ्या घड्याळाने एकूण ५०० मीटर चढ दाखवला.

एक प्रश्न सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला पडतो. जेवढं चढलो तेवढंच उतरलो, तर मग दमलो का? चढताना घातलेली ऊर्जा उतारावर परत मिळायला नको का? हिशेब करू. मी, सायकल आणि पिशव्या मिळून ८५ किलो. उंची ३० मीटर, उतार शंभराला सहा. हवा आणि घर्षण नसतं तर पायथ्याशी माझा वेग ताशी ८७ किलोमीटर झाला असता. प्रत्यक्षात तो पन्नासच्या आतच राहतो, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग निम्म्यापेक्षा थोडाच जास्त, म्हणजे गतिज ऊर्जा जेमतेम एक तृतीयांश. बाकीची दोन तृतीयांश मी हवा ढवळण्यात घालवली. त्यात उताराच्या तळाशी वळण असेल आणि ब्रेक दाबावा लागला, तर उरलेलीही गेली. चढ रोख पैसे घेतो आणि उतार सुटे परत देतो, तेही पूर्ण नाहीत.

मुळात हे चढउतार आले कुठून? सुमारे १६ हजार वर्षांपूर्वीपर्यंत या भागावर उत्तरेकडून, आजच्या कॅनडातून, आलेली बर्फाची चादर होती. इथे तिची जाडी साधारण दीड किलोमीटर होती. वाईहून महाबळेश्वरला जाताना आपण जेवढी उंची चढतो, त्याच्या दुपटीहून जास्त. हा बर्फ स्थिर नव्हता. तो अतिशय सावकाश दक्षिणेकडे सरकत होता आणि त्याच्या तळाशी अडकलेले दगडगोटे खालच्या खडकाला घासत होते. मऊ जागा खोल खणल्या गेल्या, कठीण खडक उंचवटे म्हणून उरले, आणि बर्फ वितळताना आणलेला गाळ-दगड जागोजागी टाकून गेला.

त्यात माणसाने भर घातली. आपल्याकडचा घाटरस्ता डोंगराच्या कलाने वळणं घेत जातो, कारण एके काळी त्यावरून लादलेल्या बैलगाड्या चढायच्या होत्या. अमेरिकेच्या या भागात मात्र जमिनीची मोजणी एक-एक मैलाचे चौरस आखून झाली. त्यामुळे ग्रामीण रस्ते बरेचदा शेतांच्या हद्दीने, सरळ रेषेत जातात. मध्ये टेकाड आलं तर वळसा न घालता थेट त्याच्यावरून. टेकाडं बर्फाने दिली, त्यांच्यावरून सरळ रेघ मोजणीदाराने मारली आणि भोगतात आमचे गुडघे.

बेटाच्या दक्षिण टोकाला आइसबर्ग पॉइंट आहे. ॲगेट बीचपाशी सायकली लावून पायी जावं लागतं. ही जागा २०१३ साली घोषित झालेल्या सॅन व्हान आयलंड्स राष्ट्रीय स्मारकाचा भाग आहे. तिथल्या उघड्या खडकावर समांतर खोबणी आणि ओरखडे दिसतात. बर्फ कुठल्या दिशेने सरकला ते सांगणारे. आईने खाली बसून एका खोबणीत बोट घातलं आणि ते सरळ ओढत नेलं.

"चाळीस वर्षं पुस्तकातली आकृती फळ्यावर काढली," ती म्हणाली. "आपल्या काळ्या कातळावर हे कुठून दिसणार! आपल्याकडे सगळं लाव्हाने बांधलं आणि नद्यांनी कापलं."

मग ती समुद्रापलीकडच्या ऑलिंपिक पर्वताच्या रांगेकडे पाहत राहिली. तिच्या पायाशी गवत वाळून पिवळं झालं होतं. सिॲटल परिसर म्हणजे पाऊस, अशी तिची समजूत. मी तिला सांगितलं, की या बेटांवर रानात उगवणारा निवडुंगसुद्धा सापडतो. तिला क्षणभरच लागला. "पर्जन्यछाया! वारे त्या बाजूने येतात ना? म्हणजे ते डोंगर महाबळेश्वर आणि आपण बसलोय ते दहिवडी."

अगदी बरोबर. पॅसिफिकवरून येणारे दमट वारे ऑलिंपिक पर्वतावर चढताना थंड होतात आणि पलीकडच्या उतारावर वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पाडतात. अलीकडे उतरताना तीच हवा तापते, कोरडी होते. लोपेझच्या दक्षिण टोकाला मिळतो तो त्याचा सहावा-सातवा हिस्सा. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास, तोच प्रकार. सायकलवाल्यासाठी याचा अर्थ सोपा आहे. सिॲटलमध्ये आभाळ भरून आलं असलं, तरी इथला रस्ता कोरडा असण्याची शक्यता बरीच.

परतताना आईने माझ्याकडे न बघता विचारलं, "तू मागे किती वेळा वळून बघतेस, माहीत आहे? गावापासून इथपर्यंत मी सदतीस मोजले. गाड्या आल्या नऊ."

मी काही बोलले नाही. पण आकडा लक्षात राहिला.

सॅन व्हान: परदेशातून आलेले खडक

दुसऱ्या दिवशी सॅन व्हान बेट. बेटांमधल्या बेटांमध्ये जायला सायकलस्वारांना तिकीट लागत नाही. फ्रायडे हार्बर हे इथलं सगळ्यात मोठं गाव, म्हणून धक्क्याजवळ गर्दी असते. पाचेक किलोमीटर बाहेर पडलं की ती विरते. दक्षिणेकडून फिरून पश्चिम किनाऱ्याच्या वेस्ट साइड रोडवर यावं आणि रोश हार्बरवरून परत, असा साधारण पन्नास किलोमीटरचा फेरा होतो. पश्चिम किनाऱ्यावर रस्ता समुद्रावर कलल्यासारखा जातो. डावीकडे खाली पाणी, समोर कॅनडाचं व्हँकूव्हर बेट.

इथला लाइम किल्न पॉइंट दोन कारणांसाठी थांबण्यासारखा. पहिलं कारण खडक. नावातच चुनाभट्टी आहे. बेटावरच्या चुनखडीवर एके काळी इथला चुन्याचा उद्योग उभा होता. ही चुनखडी इथली नाही. या परिसरातल्या खडकांमध्ये पर्मियन काळातल्या, म्हणजे २५ कोटी वर्षांहून जुन्या, फ्युझुलिनिड नावाच्या सूक्ष्म जीवांचे जीवाश्म सापडतात, आणि ते टेथिस समुद्राशी नातं सांगणाऱ्या जातींचे आहेत. टेथिस म्हणजे भारत उत्तरेकडे सरकत गेला तेव्हा ज्याचा गाळ हिमालयात उचलला गेला तोच समुद्र. समुद्रतळाचा एक तुकडा भूपट्टांवर बसून हजारो किलोमीटर आला आणि इथे चिकटला. आई म्हणाली, "म्हणजे तुमच्यासारखाच. व्हिसाचं काय केलं त्याने?"

दुसरं कारण ऑर्का. या पाण्यात येणाऱ्या दक्षिणेकडच्या निवासी ऑर्कांची संख्या ऐंशीहूनही कमी उरली आहे. ते सामन मासे शोधतात ते आवाजाने. स्वतः आवाज काढायचा आणि माशावर आपटून येणारा प्रतिध्वनी ऐकायचा. बोटींच्या इंजिनांचा गोंगाट वाढला की हा प्रतिध्वनी त्यात बुडतो आणि शिकार हुकते. म्हणून २०२५ पासून वॉशिंग्टन राज्यात बोटींना या ऑर्कांपासून हजार यार्ड, म्हणजे सुमारे ९०० मीटर, लांब राहण्याचा कायदा लागू झाला आहे. त्या दिवशी आम्हाला ऑर्का दिसले नाहीत. पण मागच्या इंजिनाच्या आवाजात बाकी सगळं बुडून जाणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

फ्रायडे हार्बरला परतल्यावर मी आईला वॉशिंग्टन विद्यापीठाच्या सागरी प्रयोगशाळेच्या दिशेने नेलं. १९६१ च्या उन्हाळ्यात ओसामु शिमोमुरा इथल्या धक्क्यावरून चमकणारे जेलीफिश गोळा करत होते. त्यातून मिळालेल्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनासाठी त्यांना आणखी दोघांबरोबर २००८ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ते प्रथिन मी रोज वापरते. "हे तुझं पंढरपूर म्हण की," आई म्हणाली. खोटं नाही.

ऑर्कस: आठ किलोमीटरमध्ये महाबळेश्वर

ऑर्कस शेवटी ठेवायचं, कारण ते खरं डोंगराळ आहे. बर्फाने मधोमध कोरलेल्या लांब खाडीमुळे बेटाचा आकार घोड्याच्या नालासारखा झाला आहे. धक्क्यापासून ईस्टसाउंड गावाला जाणारा मुख्य रस्ता अरुंद आणि वर्दळीचा आहे. क्रो व्हॅली रोडने गेलं तर थोडं लांब पडतं, पण कुरणांमधून निवांत जाता येतं. तिथून पुढे मोरन स्टेट पार्क. रॉबर्ट मोरन या जहाजबांधणी करणाऱ्या उद्योजकाने १९२१ साली राज्याला दिलेल्या जमिनीतून ते उभं राहिलं. त्यातच माउंट कॉन्स्टिट्यूशन आहे, ७३४ मीटर, या बेटांमधलं सर्वात उंच ठिकाण.

कॅस्केड तलावापासून माथ्यापर्यंत सुमारे ६३० मीटरचा चढ. वाई आणि महाबळेश्वर यांच्या उंचीत साधारण इतकाच फरक आहे. पण वाईहून महाबळेश्वरला जाताना तो तीसेक किलोमीटरमध्ये वाटला जातो, इथे आठ किलोमीटरमध्ये. आई तलावाकाठी बाकावर बसली. "मी इथेच. तू जा," म्हणाली. आणि मग, जरा वेळाने, "सावकाश ये."

अपघातानंतर पहिल्यांदाच मी रस्त्यावर एकटी सायकल चालवणार होते. मी नेहमीचं केलं, आकडेमोड. ८५ किलो ६३० मीटर वर न्यायला सव्वापाच लाख ज्यूल लागतात. माझे पाय तासभर १५० वॅट देऊ शकतात. म्हणजे एक तास, त्यात टायरचं घर्षण आणि हवा धरून आणखी दहा मिनिटं. स्नायूंची कार्यक्षमता जेमतेम २०-२५ टक्के, त्यामुळे प्रत्यक्षात खर्च होणार पाच-सहाशे किलोकॅलरी. दोन पुरणपोळ्या. हिशेब छान होता, पण पहिल्या तीव्र वळणावर वेग ताशी सहा किलोमीटरवर आला आणि हिशेब डोक्यातून गेला. इतक्या कमी वेगाला सायकल सरळ ठेवणं हेच काम असतं. मागे वळून पाहिलं की हँडल त्याच बाजूला जातं. दोनदा गेलं. मग मी पाहणं बंद केलं आणि ऐकायला लागले. त्या चढावर गाडीही हळूच येते. ती खालच्या वळणावर असतानाच ऐकू येते. कडेला सरकायला भरपूर वेळ असतो.

माथ्यावर १९३० च्या दशकात बांधलेला दगडी मनोरा आहे. तिथून पूर्वेला माउंट बेकरचं बर्फ, खाली पाण्यात विखुरलेली बेटं. हा माथासुद्धा एके काळी बर्फाखाली होता. मी दोन केळी खाल्ली आणि उतरले. उतरताना वळणांवर वेग गाडीइतकाच असतो, म्हणून मी लेनच्या मधोमध राहिले. एक गाडी बराच वेळ मागे राहिली. रस्ता रुंद झाल्यावर मी हात करून तिला पुढे जायला सांगितलं.

"किती गाड्या गेल्या गं?" आईने थर्मासमधला चहा ओतत विचारलं.

"मोजल्या नाहीत."

तुम्ही जाणार असाल तर

मे-जून किंवा सप्टेंबर निवडा आणि शनिवार-रविवार टाळा. जुलै-ऑगस्ट सर्वात कोरडे, पण बेटांवर पाहुण्यांची गर्दीही तेव्हाच. गाडी अनाकोर्टिसला ठेवून सायकलसह बोटीत चढा. सायकलला आरक्षण लागत नाही, आणि भाडं फक्त बेटांकडे जाताना द्यावं लागतं, येताना नाही. क्रम लोपेझ, सॅन व्हान, ऑर्कस असा ठेवा. सर्वात हलका गिअर नीट बसतो ना, ते निघण्यापूर्वी तपासा. लोपेझवर गाव सोडलं की दुकानं विरळ, म्हणून पाणी भरून घ्या. आई-बाबा आलेले असतील आणि त्यांनी पूर्वी सायकल चालवली असेल, तर त्यांना बॅटरीची सायकल भाड्याने घेऊन द्या. मात्र आधी मोकळ्या जागेत अर्धा तास सराव करू द्या, कारण पेडल मारताच ती अपेक्षेपेक्षा जोरात पुढे जाते.

आणि धक्क्यावर उतरलात की कडेला थांबा. पाणी प्या, हेल्मेटचा पट्टा बघा, गाड्या जाऊ द्या. दहा मिनिटांनी निघा.